आरटीईचा फॉर्म: आधी समग्र, मग शाळा

पोस्टातून रिटायर झालो, घरात लॅपटॉप आहे, त्यामुळे सुदामा नगरातलं आमचं घर आता एमपी ऑनलाइनचं, म्हणजे सरकारी फॉर्म भरून देणारं, दुकान झालंय. फरक एवढाच की इथे चहा मिळतो आणि पैसे लागत नाहीत. सगळ्यात जास्त येतो तो खाजगी शाळेत मोफत प्रवेशाचा आरटीईचा फॉर्म.

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, 2009 चा, लागू 1 एप्रिल 2010 पासून. कलम 12 नुसार खाजगी शाळेच्या प्रवेशवर्गातल्या किमान 25 टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी. अल्पसंख्याक शाळांना मात्र हे लागू नाही, तेव्हा आवडती शाळा त्यांतली असली तर हळहळत बसू नका.

शाळा निवडायची घाई नको, आधी समग्र, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचं कुटुंबनोंदणीचं पोर्टल, उघडा. नऊ अंकी सदस्य आयडी आणि आधार शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या ताईंच्या नातवाचं समग्रमध्ये ‘श्रेयश’, आधारवर ‘श्रेयांश’, जन्मदाखल्यावर नुसतंच ‘बाबू’! बापाची दोन दिवसांची मजुरी चकरा मारण्यात गेली. फॉर्मच्या तारखांचाही भरवसा नाही, कधी फेब्रुवारी, कधी मे. म्हणून हे काम दिवाळीनंतरच उरकून टाका. बीपीएल कार्ड किंवा जातीचा दाखलाही तेव्हाच काढून ठेवा.

शाळांची यादी भरताना मी एकदा चूक केली. नावाजलेली, पण लांबची शाळा वर टाकली. जागा लॉटरीने वाटतात, आणि तीत पहिला मान त्याच वॉर्डातल्या मुलांना असतो, मग शेजारच्या वॉर्डांना. ज्याचा फॉर्म होता त्या पोराच्या हाती काहीच लागलं नाही. म्हणून नातवाच्या वेळी मी ताईंनाच विचारलं, ‘पायी कुठली जवळ?’ तीच वर.

फॉर्मची प्रिंट आणि मूळ कागद घेऊन सत्यापनाला, म्हणजे कागद तपासून घ्यायला, जायचं असतं. त्याआधी मोबाइल नंबर तपासा, लॉटरीचा मेसेज त्यावरच येतो. उधारीच्या सिमचा नंबर देऊ नका.

नंबर लागला की शाळेत मान खाली घालून जाऊ नका. सरकारी शाळेत एका मुलावर होणारा खर्च किंवा शाळेची खरी फी, जी कमी असेल ती सरकार शाळेला देतं. मुलाची किंवा पालकांची मुलाखत घ्यायलाही कायद्याने बंदी आहे. गणवेश, व्हॅन यांचं मात्र पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

आणि हे सगळं आठवीपर्यंतच. नववीपासून फी आपली. हे ऐकल्यावर ताईंनी पोस्टात दोनशेची आरडी उघडली. नातू अजून केजीत आहे.