पावसाळ्यात सोलापूरच्या माळावर अन् तळ्याकाठी तंबू टाकायचा असेल तर

पावसाळी कॅम्पिंग म्हटलं की सगळे भंडारदरा नाहीतर कोकणाकडं पळतात, अन् सोलापूरचं नाव काढलं की "तिकडं पाऊस पडतो तरी का" म्हणतात. पडतो की. वर्षाला साधारण ५५० मिमीच्या आसपास, पण त्याची तऱ्हा वेगळी. जून-जुलै बऱ्याचदा नुसती भुरभुर आणि वारा, आणि सप्टेंबरात परतीचा पाऊस धरला की दोन तासात ओढे तुडुंब. म्हणून घाटातली तयारी इथं जशीच्या तशी चालत नाही, इथं आभाळाइतकंच पायाखालच्या मातीकडं आणि लांबून येणाऱ्या पाण्याकडं बघावं लागतं.

आधी मातीचं सांगतो, कारण निम्मी ट्रिप तिच्यावरच ठरते. काळ्या रानात तंबू टाकायचाच नाही. ही माती भिजली की फुगते, चपलेला पहिल्या चार पावलात बोटभर थर चिकटतो, दहाव्या पावलाला पाय उचलत नाही, आणि बाईक असेल तर चिखल मडगार्डमध्ये असा ठासून बसतो की चाकच फिरत नाही, मग काडी घेऊन कोरत बसायचं. गाडी डांबरी सोडून काळ्या रानातल्या वाटेवर घातली आणि रात्री पाऊस आला तर सकाळी ट्रॅक्टरशिवाय निघत नाही हे धरून चाला. जागा बघायची ती मुरमाड माळाची. पाणी मुरतं, उतार असतो, गाडी निघते. ओळखायला सोपं आहे, जिथं ऊस किंवा तूर उभी आहे ते सोडायचं, जिथं कुसळीचं गवत आणि बारीक खडे दिसतात तिथं थांबायचं. फक्त मुरमात तंबूबरोबर आलेल्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या वाकतात, तर हार्डवेअरच्या दुकानातून सळईचे फूटभर तुकडे कापून घ्या आणि हातोडी ठेवा. तंबूच्या वरच्या अंगाला वीतभर चर मारायचा, पाणी वळतं. वारीतल्या दिंड्यांच्या राहुट्या बघा, ते लोक पावसात हेच करत आलेत. खाली अंथरलेली ताडपत्री तंबूच्या बाहेर डोकावू देऊ नका, नाहीतर वरून ओघळलेलं पाणी तीच आत आणते.

आता पाणी. आपल्याकडं आभाळ कोरडं असताना नदी वाढते, हे बाहेरच्यांना पटत नाही. भीमेचं पाणी पुणे जिल्ह्यातल्या सह्याद्रीतून येतं, नीरा नरसिंहपूरला नीरा तिला मिळते, म्हणजे तिकडं धो धो चालू असेल आणि भीमेवरच्या उजनी किंवा नीरेवरच्या वीर धरणातून विसर्ग सोडला तर पंढरपूर, माचणूरला ऊन असताना घाट पाण्याखाली जातो. सीनेचंही तसंच, ती अहिल्यानगरकडून येते, २०२५ च्या सप्टेंबरात माढा-मोहोळ भागात तिनं केवढा पूर आणला ते सगळ्यांनी बघितलंय. निघायच्या आधी आणि रोज संध्याकाळी विसर्ग किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) आहे ते बघायचं, गावात विचारायचं, आणि नदीच्या पात्रात किंवा ओढ्याच्या काठाला कितीही छान वाळू दिसली तरी झोपायचं नाही.

उजनीच्या काठाला तर जास्तच जपा. ११७ टीएमसीचं (११७ अब्ज घनफूट पाण्याचं) धरण, उन्हाळ्यात मायनसमध्ये, म्हणजे वापराचा साठा संपून मृत साठ्यात जातं आणि पाणी मागं सरलं की जी जमीन उघडी पडते त्या गाळपेरीत लोक पीक घेतात. ती जमीन सपाट आणि मऊ दिसते, तंबूला मोह होतो. पण पावसाळ्यात धरण प्लसकडं निघालं की पाण्याची पातळी वीतभर चढली तरी सपाटीवर काठ लांबपर्यंत आत येतो, आणि रात्रीत. शिवाय खाली सगळा गाळ. तिथल्या मासेमारी करणाऱ्या भोई लोकांना विचारा, कुठपर्यंत पाणी येणार ते त्यांना बरोबर माहीत असतं, त्यांनी दाखवलेल्या जागेच्याही वर तंबू टाका.

रूट मी असा सुचवेन. सोलापुरातून सकाळी निघून तुळजापूर रोडला हिप्परग्याचा एकरुख तलाव, इंग्रजांच्या काळातला, तासभर पुरे. तिथून बार्शी रोडला लागून नान्नजचं माळढोक अभयारण्य, शहरापासून साधारण २० किमी. माळढोक दिसेल ही आशा ठेवू नका, तो इथून जवळजवळ संपलाच, वाईट वाटतं पण खरं आहे. पण पावसाळ्यातला तो माळ बघाच, हिरव्या गवतात काळवीट, चंडोल वर चढून गात असतात, नशीब असेल तर लांडगा. अभयारण्यात तंबू टाकता येत नाही, चूलही नाही, वनविभागाच्या माणसाला विचारून बघायचं आणि संध्याकाळी बाहेर पडायचं. मुक्काम बाहेर एखाद्या शेतकऱ्याच्या माळावर, विचारून. "मामा, आजची रात्र इथं थांबू का" एवढं नीट विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत, उलट चहा येतो.

दुसऱ्या दिवशी बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी करत उजनी. फ्लेमिंगो पावसाळ्यात नसतात, ते हिवाळ्या-उन्हाळ्याचं काम, ह्या दिवसात पाणी बघायला आणि चिलापी मासा खायला जायचं. तिसऱ्या दिवशी पंढरपूर, मंगळवेढा, मग माचणूर. आषाढीच्या आगेमागे हा रूट धरू नका, रस्ते वळवलेले असतात आणि गर्दी वारकऱ्यांची हक्काची आहे. माचणूरला भीमेकाठी सिद्धेश्वराचं देऊळ, शेजारी किल्ला. १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी इथंच ब्रह्मपुरीला होती, आणि एवढ्या मोठ्या बादशाही छावणीचीही भीमेच्या पुरानं दाणादाण केली, तेव्हा आपला दोन माणसांचा तंबू काठापासून लांबच बरा. वेळ असेल तर एक दिवस नळदुर्गला वेगळा काढा, बोरी नदीला पाणी असेल तरच किल्ल्यातले नर-मादी धबधबे चालू असतात.

विजेचं मात्र अजिबात हलक्यात घेऊ नका. परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडत येतो आणि माळावर आपणच सगळ्यात उंच असतो. एकट्या लिंबाखाली, बाभळीखाली उभं राहायचं नाही, गाडीत बसून काचा वर करायच्या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर यायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेनं काढलेलं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनमध्ये ठेवा. आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी थांबवायची, फूटभर वाहतं पाणी लहान गाडी ढकलून नेतं, पुढचा गेला म्हणून आपणही जाऊ हा विचार नको.

खाण्यापिण्यात सोलापूरकरांना फार डोकं लावायला नको, कडक भाकरी आणि शेंगाचटणी, पावसात याच्यासारखं टिकणारं काही नाही, फक्त भाकरी हवाबंद डब्यात ठेवा, दमट हवेत ती मऊ पडते. स्वयंपाक छोट्या गॅसवर, तंबूच्या बाहेर, तंबूत शेगडी पेटवली तर जीव गुदमरतो. शेकोटी करायचीच असेल तर ओल्या बाभळीच्या नादाला लागू नका, वस्तीवर वाळलेल्या तुराट्या (तुरीच्या काटक्या) मागा, लगेच धरतात. पांघरायला सोलापुरी चादर न्या पण प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, ती एकदा भिजली की त्या ट्रिपमध्ये वाळत नाही. रात्री बूट तंबूच्या आत घ्या, सकाळी झटकूनच घाला, मुरमाड माळावर विंचू आणि फुरसं हा विषारी साप दोन्ही असतात, आणि बाहेर जाताना टॉर्च हातात पाहिजेच. साप चावलाच तर बांधणं, कापणं काही करायचं नाही, हालचाल कमी करून सरळ सरकारी दवाखाना, म्हणून मुक्कामाच्या आधीच जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठं आहे ते बघून ठेवा.

घरी आल्यावर तंबू तसाच ओला गुंडाळून माळ्यावर टाकू नका, गच्चीवर सावलीत दोन दिवस पसरा, बुरशी एकदा धरली की वास जात नाही आणि शिवणीतून गळायला लागतो.