निकालावर लिहिण्याआधी

वकिलीच्या उमेदवारीच्या काळातच मी न्यायालयीन निकालांवर मराठीत लिहू लागलो. आता या लेखनाकडे वळणारे विधी महाविद्यालयांतील विद्यार्थी सुरुवात कोठून करावी, असे विचारतात, तेव्हा बातमी बाजूला ठेवून निकालपत्र मिळवावे आणि ते शेवटाकडून वाचायला घ्यावे, एवढेच मी आधी सांगतो. न्यायालयाने प्रत्यक्षात काय आदेश दिला, हे बहुधा अखेरच्या परिच्छेदांत असते आणि वाचकाला सर्वप्रथम तेच हवे असते.

मराठा आरक्षणाचे प्रकरण यासाठी मुळातून अभ्यासण्यासारखे आहे. २०१८ चा कायदा मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१९ मध्ये वैध ठरवला, मात्र आरक्षणाचे प्रमाण १६ टक्क्यांवरून शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ टक्के इतके खाली आणले. सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २०२० रोजी अंतरिम स्थगिती देऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवले आणि ५ मे २०२१ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे आरक्षण रद्द केले. ‘आरक्षण रद्द’ हा मथळा खरा होता, पण अपुरा होता. पन्नास टक्क्यांच्या मर्यादेवर पीठ एकमताचे होते. १०२ व्या घटनादुरुस्तीनंतर मागास प्रवर्ग ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे उरतो का, यावर मात्र ते तीन विरुद्ध दोन असे विभागले गेले आणि तो उरत नाही या बहुमतामुळेच, राज्यांना तो अधिकार परत देणारी १०५ वी घटनादुरुस्ती पुढे करावी लागली. शिवाय स्थगितीपूर्वी झालेले प्रवेश आणि नेमणुका यांना न्यायालयाने संरक्षण दिले होते. ज्याच्या मुलाचा प्रवेश आधीच झाला होता, त्या वाचकासाठी संपूर्ण निकालपत्रातील महत्त्वाचा भाग तोच होता.

सुनावणीतील तोंडी शेऱ्यांबाबत अधिक सावध राहावे लागते. २०२१ मध्ये करोनाच्या लाटेत मद्रास उच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाविषयी अत्यंत कठोर तोंडी शेरे मारले आणि ते देशभर गाजले. हे शेरे आदेशाचा भाग नसल्यामुळे ते वगळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२१ रोजी स्पष्ट केले; त्याच वेळी सुनावणीचे वार्तांकन करण्यापासून माध्यमांना रोखण्यासही नकार दिला. तेव्हा शेरे जरूर नोंदवावेत, परंतु ते निकाल म्हणून मांडू नयेत. ‘ताशेरे ओढले’ या शब्दांवर अख्खा लेख उभा करण्याची हौस मला तरी उथळ वाटते.

विशेष अनुमती याचिका, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याची परवानगी मागणारी याचिका, कारणे न देता फेटाळली गेली, तर सर्वोच्च न्यायालयाने खालचा निकाल योग्य ठरवला, असे लिहिता येत नाही. कुन्हायम्मद विरुद्ध केरळ राज्य या २००० सालच्या निकालाने हे स्पष्ट केलेले आहे.

टीकेची भीती बाळगण्याचे कारण नाही. अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर केलेली रास्त टीका हा अवमान नव्हे, असे न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ च्या कलम ५ मध्येच म्हटले आहे. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड होईल असा तपशील मात्र, गाव किंवा शाळा यांच्या उल्लेखासह, कटाक्षाने टाळावा. आणि आपण वकीलपत्र घेतलेल्या प्रलंबित प्रकरणावर लिहूच नये; तो विषय कितीही हाताशी असला, तरी दुसऱ्याला लिहू द्यावा.