रुग्णवाहिकेच्या लाइटबारचं स्विच-वायरिंग

छतावरच्या लाइटबारचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून नेऊ नका. १२० वॉटचा बार १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढतो. स्वस्त रॉकर स्विचवर ‘२० अँपिअर’ छापलेलं असतं, पण सततच्या लोडवर आतले पॉइंट काळे पडतात, टर्मिनलभोवतीचं प्लास्टिक मऊ होतं आणि बार मंद होतो. स्विचने फक्त रिलेची (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचची) कॉइल चालवायची. ती जेमतेम १५० ते २०० मिलिअँपिअर घेते.

सामान: १२ व्होल्टचा, चार पिनांचा ४० अँपिअर रिले सॉकेटसह, १५ आणि ३ अँपिअरचे ब्लेड फ्यूज होल्डरसह, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्विचसाठी १ चौरस मिलिमीटरची वायर, १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), क्रिम्पिंगचे लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे), रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) आणि फ्लेक्झिबल पाइप. जाड वायर पाच मीटर धरली तर १० अँपिअरला त्यात साधारण ०.२ व्होल्ट पडतो. दीड चौरस मिलिमीटरची घातलीत तर जवळपास ०.६.

आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. पॉझिटिव्हवरून जाड वायर घ्या आणि १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत बसवा. तो डॅशबोर्डखाली बसवला, तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर बॉडीला घासली की जळते आणि फ्यूज शाबूत राहतो. फ्यूजपासून रिलेच्या ३० नंबरच्या पिनेवर, ८७ वरून बारच्या लाल वायरला. बारची काळी वायर रंग खरवडलेल्या बॉडीवर, नट-बोल्टने घट्ट आवळा. ‘बार मधूनच बंद पडतो’ अशी तक्रार आली की सगळ्यात आधी हा अर्थ, म्हणजे बॉडीचा जोड, तपासावा.

आता रिलेच्या कॉइलच्या दोन पिना: ८५ बॉडीला, ८६ स्विचला. कॉइलवर डायोड लावायचा असेल तर पट्टीची बाजू ८६ कडे. उलट लागला तर स्विच टाकताच ३ अँपिअरचा फ्यूज उडतो. आत दिवा असलेल्या रॉकर स्विचला तीन पिना असतात: सप्लाय, लोड, अर्थ. बहुतेकांत पितळी रंगाची अर्थची, पण मल्टिमीटरने खात्री करा. सप्लाय आणि लोड अदलाबदल झाले तर रिले चालतो, पण स्विचचा दिवा रात्रंदिवस जळत राहतो. लोड आणि अर्थ बदलले तर थेट शॉर्ट.

स्विचचा सप्लाय इग्निशनवरून घ्यायचा की बॅटरीवरून? अपघाताच्या जागी इंजिन बंद असतानाही दिवे लागतात, म्हणून बॅटरीवरून, ३ अँपिअरच्या फ्यूजमधून. फक्त चार तास बार चालू राहिला तर ४० अँपिअर-अवर गेले; ७० च्या बॅटरीला त्यानंतर स्टार्टर फिरवणं जड जातं. सायरनला वेगळा स्विच, वेगळा रिले, वेगळा फ्यूज. रात्री वस्तीतून जाताना दिवे हवेत, आवाज नको.

बारमधून येणारी बारीक वायर पॅटर्न बदलण्याची असते. तिला बेलसारखं दाबून सोडायचं बटण लागतं, ऑन-ऑफ स्विच नव्हे. ती काही बारमध्ये पॉझिटिव्हला टेकवायची असते, काहींत अर्थला. सोबतचा कागद पाहिल्याशिवाय जोडू नका.

छताच्या भोकात ग्रोमेट, बाहेरून सिलिकॉन, आणि आत शिरण्याआधी वायरला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच टपकतं. वायरलेस सेटच्या अँटेनाची केबल या वायरींपासून लांब ठेवा, नाहीतर एलईडीच्या सर्किटचा गोंगाट सेटवर येतो.

शेवटी बार चालू ठेवून बॅटरीवर आणि बारच्या लाल-काळ्यावर व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर लग, फ्यूज होल्डर आणि अर्थ या क्रमाने हात लावून पाहा. जो गरम लागेल तो सांधा नव्याने क्रिम्प करा.

हे दिवे परवानगी असलेल्या वाहनांवरच लावता येतात. १ मे २०१७ पासून मंत्री-अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवेही उतरले आहेत.