एनर्जीचं काम नव्यानं हाती घेताना: बिलाची एकेक ओळ

कारखान्यात एनर्जीची जबाबदारी नव्यानं मिळालेला इंजिनिअर पहिल्याच आठवड्यात एलईडी दिव्यांचा प्रस्ताव लिहायला बसतो. दिवे जरूर बदला, पण भट्ट्या आणि कॉम्प्रेसर चालणाऱ्या कारखान्यात त्यांचा वाटा किरकोळ असतो. त्याआधी मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि प्रत्येक ओळीसमोर लिहा: हा आकडा शॉप फ्लोअरवर कोण काय करतं म्हणून वाढतो? नियम बदलतात तेव्हा युनिटचा दर बदलतोच, पण अनेकदा मोजायची पद्धतच बदलते. या ओळी ज्याला पाठ असतात त्याला तो बदल लगेच कळतो.

मॅक्सिमम डिमांडपासून (महिन्यातल्या सर्वांत जास्त लोडचा आकडा, ज्यावर वेगळा आकार लागतो) सुरुवात करू, कारण गैरसमज इथेच सर्वांत जास्त. मोटार सुरू होताना करंट उसळतो म्हणून डिमांड चढते, असं बरेच जण सांगतात. मीटर मात्र बहुतेक ठिकाणी १५ किंवा ३० मिनिटांची सरासरी धरतो. पाच-दहा सेकंदांच्या उसळीचा त्यात फारसा मागमूस राहत नाही. डिमांड चढते ती पाळी सुरू होताना सगळं एकदम चालू केल्यानं.

समजा तीन विजेच्या भट्ट्या आहेत. तापताना प्रत्येकी १२० किलोवॅट, ४० मिनिटं. तापल्यावर सरासरी ४५. तिन्ही एकदम लावल्या तर ३६० किलोवॅट. ४०-४० मिनिटांच्या अंतरानं लावल्या तर शेवटची तापत असताना ४५ + ४५ + १२० म्हणजे २१०. डिमांड १५० नं उतरली. पण हे फुकट होत नाही. तिसरी तयार होईपर्यंत पहिली ८० मिनिटं आणि दुसरी ४० मिनिटं नुसती तापून थांबते, म्हणजे दर वेळी ९० युनिट वाया. भट्ट्या आठवड्यातून एकदाच थंड होत असतील तर हिशोब बहुधा जमतो. रोज होत असतील तर आधी डिमांडचा दर आणि युनिटचा दर शेजारी मांडून बघा. सगळ्यात चांगलं म्हणजे प्लॅनिंगवाल्यांना गाठून पहिल्या भट्टीत लगेच माल चढेल असं बघणं. मग वाया काहीच जात नाही.

पॉवर फॅक्टर म्हणजे ओढलेल्या केव्हीएपैकी प्रत्यक्ष काम करणारा किलोवॅटचा वाटा. त्याचं गणित सोपं आहे. ४०० किलोवॅटचा लोड ०.८ ला ५०० केव्हीए ओढतो, ०.९८ ला ४०८. ०.८ वरून ०.९८ ला जायला साधारण २२० केव्हीएआर (कपॅसिटरची क्षमता मोजायचं एकक) कपॅसिटर लागतात. घोळ होतो तो बसवण्यात. एपीएफसी रिले म्हणजे गरजेप्रमाणे कपॅसिटर आपोआप जोडणारा नियंत्रक. त्याचा सीटी (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) मेन इनकमरवर, म्हणजे वीज आत येते त्या मुख्य लाइनवर हवा, म्हणजे लोड आणि कपॅसिटर दोन्हींचा करंट त्यातून गेला पाहिजे. तो फक्त लोडच्या फीडरवर बसला तर कपॅसिटर लागल्याचा परिणाम रिलेला दिसतच नाही आणि तो स्टेप (कपॅसिटरचा एकेक गट) टाकत सुटतो. कायम जोडलेले कपॅसिटर रात्री लोड उतरल्यावर पॉवर फॅक्टर लीडिंगला नेतात, म्हणजे गरजेपेक्षा जास्त कपॅसिटर लागलेले राहतात. बिलिंग केव्हीएएचवर (केव्हीए गुणिले तास) गेलं आणि लीडिंगही मोजलं जाऊ लागलं, तर कालपर्यंत निरुपद्रवी असलेली ही सवय महागात पडते.

पॅनलवरच्या हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवू नका. ४४० व्होल्टला २५ केव्हीएआरची स्टेप सुमारे ३३ अँपिअर घेते. क्लॅम्प मीटर २० दाखवत असेल तर दिवा काहीही म्हणो, तो कपॅसिटर खचलाय. आणि व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारे ड्राइव्ह, जे करंटमध्ये हार्मोनिक म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या लहरी मिसळतात) जास्त असतील तर साधे कपॅसिटर नकोत. ७ टक्के रिअॅक्टर घातला की ट्यूनिंग १८९ हर्ट्झवर येतं, पाचव्या हार्मोनिकच्या २५० हर्ट्झच्या बरंच खाली. मात्र रिअॅक्टरमुळे कपॅसिटरवरचा व्होल्टेज वाढतो, तेव्हा वरच्या व्होल्टेज रेटिंगचाच मागवा.

आता मॅनेजमेंटचा आवडता आकडा: टनामागे युनिट. एका महिन्यात ५०० टन माल आणि २,००,००० युनिट, म्हणजे टनाला ४००. पुढच्या महिन्यात २५० टन, १,४०,००० युनिट, म्हणजे ५६०. मीटिंगमध्ये लगेच विचारणा होते की वापर ४० टक्क्यांनी कसा बिघडला. बिघडलं काहीच नाही. आडव्या अक्षावर टन, उभ्यावर युनिट घेऊन किमान बारा महिन्यांचे बिंदू मांडा. वरचे दोन्ही महिने एकाच रेषेवर आहेत: ८०,००० युनिट कायमचे, आणि वर टनाला २४०. ते ८०,००० म्हणजे चोवीस तास सुमारे १११ किलोवॅट, माल निघो वा न निघो. सुट्टीच्या दिवशी कारखान्यात जाऊन ते शोधायचे.

बहुतेक वेळा त्यातला मोठा तुकडा हवेच्या गळतीत सापडतो. उत्पादन बंद असताना एकच कॉम्प्रेसर चालू ठेवा आणि घड्याळ लावून लोड-अनलोडच्या वेळा टिपा, निदान पाच-सहा फेऱ्या. लोड दीड मिनिट, अनलोड साडेचार मिनिटं आली तर सहातली दीड, म्हणजे क्षमतेच्या २५ टक्के हवा गळते आहे. ७ बारला ३ मिलिमीटरचं एक भोक साधारण साडेतीन-चार किलोवॅट खातं. गळती बुजवल्यावर प्रेशर सेटिंगही खाली आणा. १ बार उतरवला की कॉम्प्रेसरची वीज ६-७ टक्क्यांनी कमी होते. एफआरएल (हवेचा फिल्टर, रेग्युलेटर, ल्युब्रिकेटर) आणि कपलिंगमधून काही काळानं पुन्हा गळती सुरू होतेच.

नियमांकडे येऊ. सौर वीज वाढलेल्या अनेक भागांत स्वस्त वीज रात्रीकडून दुपारकडे सरकली आहे. रात्रीच्या सवलतीवर दहा वर्षांचा पेबॅक काढलेली यंत्रणा अशा वेळी अडकते. म्हणून मीटरचा १५ मिनिटांचा डेटा दर महिन्याला उतरवून ठेवा: वेळ, केडब्ल्यूएच, केव्हीए, लॅग आणि लीड केव्हीएआरएच (केव्हीएआर गुणिले तास) वेगवेगळे. नुसती बिलं ठेवून भागत नाही, बिलात तासांचा तपशील पुसला गेलेला असतो. नव्या दराचा मसुदा आला की जुन्या वर्षाचा डेटा नव्या नियमावर चालवा. हरकती नोंदवायची मुदत संपायच्या आत तुमच्या हातात स्वतःचा आकडा असतो.

निर्यात युरोपियन युनियनला असेल तर कार्बनची सीमा-आकारणी, म्हणजे सीबीएएम, याच टेबलावर येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून माहिती देणं सुरू झालं आणि १ जानेवारी २०२६ पासून मुख्य टप्पा. पोलाद आणि अॅल्युमिनियमसाठी सध्या थेट उत्सर्जन मोजतात, सिमेंट आणि खतांसाठी विजेचंही. पोलादी नट-बोल्टसुद्धा यादीत आहेत, हे अनेकांना उशिरा कळतं. गेटवर गॅसचा एकच मीटर असेल तर कोणत्या मालाला किती इंधन गेलं हे दाखवता येत नाही. दर भट्टीला सब-मीटर लागतो. बोल्ट बनवणाऱ्याच्या बाबतीत तर मोठा आकडा स्वतःच्या भट्टीचा नसतोच, तो विकत घेतलेल्या वायर रॉडमधून येतो. त्यामुळे पर्चेसला सांगून पुढच्या ऑर्डरच्या अटींमध्येच रॉडच्या उत्सर्जनाची माहिती मागून घ्या. माल खपल्यावर ती मिळवणं फार जड जातं.