ग्रामीण काउंटीचा जॉब डेटा पहिल्यांदा हातात आलाय? आधी ते शून्य तपासा

प्लॅनिंग किंवा पब्लिक पॉलिसी शिकायला अमेरिकेत आलेल्या बऱ्याच जणांना इंटर्नशिपमध्ये हे काम मिळतंच. एखादी ग्रामीण काउंटी (राज्याचा जिल्ह्यासारखा भाग) हातात देतात आणि सांगतात, गेल्या दहा वर्षांत कुठल्या इंडस्ट्रीत नोकऱ्या वाढल्या नि कुठे घटल्या ते काढ. नाइक्स कोड (उद्योगांच्या वर्गीकरणाचे नंबर), क्यूसीईडब्ल्यू (नोकऱ्या आणि पगारांची सरकारी तिमाही आकडेवारी), शिफ्ट-शेअर (नोकऱ्यांची वाढ देशामुळे, इंडस्ट्रीमुळे की स्थानिक कारणांमुळे ते वेगळं करायची पद्धत) वगैरे वर्गात झालेलं असतं, ते परत सांगत नाही. पण वर्गातली उदाहरणं असतात मोठ्या शहरांची, आणि तोच डेटा लहान काउंटीत वेगळाच वागतो हे मला कोणीही सांगितलं नाही, अख्खा उन्हाळा त्यात गेला, म्हणून लिहितेय.

आपल्याकडच्या जिल्ह्याचा अंदाज आधी डोक्यातून काढा. टेक्सासच्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसं होती. हे टोक झालं, पण काही हजार लोकवस्तीच्या काउंट्या भरपूर आहेत आणि तिथे एक कारखाना म्हणजेच अख्खी इंडस्ट्री.

आता हे नीट वाचा. क्यूसीईडब्ल्यूचे आकडे येतात कुठून, तर कंपन्या बेरोजगारी विम्यासाठी दर तिमाहीला जे रिपोर्ट भरतात त्यातून. एकट्या कंपनीची माहिती बाहेर येऊ द्यायची नाही असा नियम आहे. शहरात शंभर कारखान्यांची बेरीज छापली तर कोणाचं काही कळत नाही, पण काउंटीत मीट-पॅकिंगचा एकच प्लांट असेल तर बेरीज म्हणजे त्या प्लांटचं हजेरीपुस्तकच झालं. म्हणून बीएलएस, म्हणजे ही आकडेवारी छापणारं अमेरिकेचं सरकारी खातं, तो आकडा झाकतं. आणि झाकतं म्हणजे रकाना कोरा सोडत नाही, डाउनलोड केलेल्या सीएसव्हीमध्ये तिथे चक्क ० असतो, आणि डिस्क्लोजर कोडच्या (आकडा उघड केलाय की झाकलाय हे सांगणाऱ्या) कॉलममध्ये फक्त एन (N) हे एक अक्षर. फाइलमध्ये इतके कॉलम असतात की साफसफाई करताना हा सगळ्यात आधी उडतो, आणि मग समोर उरतं नुसतं शून्य. समजा गेल्या वर्षी तिथे १,२०० नोकऱ्या होत्या, यंदा ०, पिव्होट टेबल निमूटपणे उणे १०० टक्के दाखवतं, आणि रिपोर्टमध्ये जातं की मॅन्युफॅक्चरिंग संपलं. प्लांट सुरूच असतो हो! शेजारचं छोटं युनिट बंद झालं, हा एकटा उरला, म्हणून झाकला गेला, बस एवढंच. उलटंही होतं, झाकण निघालं की शून्यातून १,२०० नोकऱ्या उगवतात आणि कोणीतरी त्याला ग्रोथ म्हणतं.

ओळखायला सोपं आहे. एस्टॅब्लिशमेंटची, म्हणजे कारखाना-दुकान अशा कामाच्या जागांची, संख्या झाकत नाहीत, ती बघा. एस्टॅब्लिशमेंट १, तिन्ही महिन्यांच्या नोकऱ्या ०, पगारही ०, असं दिसलं की थांबा आणि तो एन शोधा. एन असेल तर ते शून्य नाहीच, ते "सांगणार नाही" आहे. अजून एक, वजाबाकी करून आकडा काढता येऊ नये म्हणून कधीकधी दुसरा धडधाकट सेक्टरही सोबत झाकतात, त्यामुळे सेक्टरांची बेरीज एकूणाशी जुळली नाही तर घाबरू नका, तुमचं एक्सेल बरोबर आहे. एकूण खाजगी नोकऱ्यांतून दिसणारे सेक्टर वजा करा आणि उरलेला गठ्ठा "न उघडलेले सेक्टर" म्हणून एकत्रच दाखवा. बॉसला आवडणार नाही, तरी दाखवा.

रेडिमेड डॅशबोर्ड आणि विकतचे डेटासेट ह्यांच्याबद्दल माझं मत वाईट आहे. झाकलेल्या जागा ते मॉडेलने भरतात आणि तो आकडा खऱ्या आकड्यांच्या रांगेत तसाच उभा असतो. घाईत असाल तर वापराल, पण निदान सुरुवातीची एक-दोन कामं तरी हाताने करा. आणि मेंटॉर निवडताना मॉडेल सुंदर शिकवणाऱ्यापेक्षा कच्च्या फाइलमध्ये हात घालणारा निवडा, त्याचा पेपर छापून आलेला नसला तरी चालेल.

ओनरशिपचा, म्हणजे नोकरी सरकारी की खाजगी हे सांगणारा, कॉलमही सोडू नका. काउंटीने चालवलेलं हॉस्पिटल खाजगी कंपनीकडे गेलं की लोकल गव्हर्नमेंटच्या नोकऱ्या धाडकन पडतात आणि खाजगी हेल्थ केअर तेवढंच वाढतं, नर्स त्याच, बेड तेच. शेतीचं तर विचारूच नका, क्षितिजापर्यंत मका दिसतो आणि फाइलमध्ये मूठभर नोकऱ्या, कारण स्वतःची शेती करणारा शेतकरी ह्यात धरतच नाहीत आणि छोट्या शेतांवरचे मजूरही बरेचसे सुटतात. आणि ह्या नोकऱ्या कामाच्या जागेप्रमाणे मोजलेल्या असतात, बेरोजगारीचा दर मात्र राहत्या घराप्रमाणे, दोन्ही एकाच चार्टवर टाकताना दहा वेळा विचार करा.

हे सगळं वाचून हबकू नका. खरी घसरण असली की ती दिसतेच. वेस्ट व्हर्जिनियातली मॅकडॉवेल काउंटी बघा, १९५० मध्ये जवळपास ९९ हजार माणसं, २०२० मध्ये १९ हजारांच्या आसपास. कोळसा काढायला मशिनं आली, खाणकामगार कमी झाले, लोक बाहेर गेले, मग दुकानं आणि शाळा आटल्या. हे एका कॉलमपुरतं राहिलं नाही. म्हणून तुमच्या काउंटीत मॅन्युफॅक्चरिंग "संपलं" आणि रिटेल, शाळेचा पट, लोकसंख्या सगळं जागच्या जागी असेल तर मॅन्युफॅक्चरिंगच्याच आकड्यावर संशय घ्या.

तरीही अडलंच तर राज्याच्या लेबर मार्केट इन्फर्मेशन ऑफिसला सरळ फोन लावा, लाजू नका. झाकलेला आकडा ते देणार नाहीत, मागूही नका. पण एखाद्या कंपनीचा नाइक्स कोड बदलला का, असे बदल बहुतेक वर्षाच्या पहिल्या तिमाहीत लागू होतात, त्यामुळे मोठी उडी तिथेच दिसत असेल तर हा प्रश्न नक्की विचारा. त्याआधी राज्याच्या वेबसाइटवर वॉर्न नोटिसांची (मोठी कपात किंवा प्लांट बंद करण्याआधी कायद्याने द्यायच्या सूचनांची) यादी चाळा. शंभर किंवा जास्त कामगारांच्या कंपनीला प्लांट बंद करण्याआधी साधारणपणे ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते, त्यामुळे १,२०० माणसांचा प्लांट खरंच बंद झाला असेल तर त्याचं नाव बहुधा तिथे सापडेल.