लो-कार्ब सुरू केलं आणि पोट अडलं? या चुका टाळा

नागपुरात हल्ली ओळखीपाळखीत पोळी-भात सोडलेलं माणूस हमखास भेटतं. कुणाला साखर निघालेली असते, कुणाला वजन उतरवायचं असतं. कुणी डॉ. श्रीकांत जिचकारांच्या 'दोनदाच जेवा' या सांगण्यापासून सुरुवात करतं आणि पुढे स्वतःच्या मनानं भात, मग पोळी, मग वरणही बंद करून बसतं. पहिल्या पंधरवड्यात काटा खाली येतो, घरात कौतुक होतं. त्यानंतर दबक्या आवाजात तक्रार सुरू होते: "बाकी सगळं बरं आहे, पण पोटच साफ नाही होऊन राहिलं."

ही तक्रार फार जुनी आहे. कीटो आहाराचा, म्हणजे कर्बोदकं अगदी कमी आणि तूप-तेल जास्त असलेल्या कडक लो-कार्बचा, जन्म १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये अपस्माराच्या रुग्णांसाठी झाला. तेव्हापासून हा आहार घेणाऱ्या मुलांच्या तक्रारींत बद्धकोष्ठता कायम वरच्या क्रमांकावर राहिली आहे. म्हणजे पोट अडलं तर तुमच्यात काही कमी आहे असं नाही, आणि आहार सोडूनच द्यायला हवा असंही नाही. ताट नीट मांडलेलं नाही, एवढंच.

पोळी मोजली, चोथा मोजला नाही

सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे. गव्हाच्या शंभर ग्रॅम पिठात साधारण ११ ग्रॅम फायबर, म्हणजे चोथा, असतो, ज्वारीच्या पिठात १० च्या आसपास. घरची एक मध्यम पोळी म्हणजे तीस ग्रॅम पीठ, म्हणजे तीन ग्रॅम फायबर. दिवसाला पाच पोळ्या आणि दोन वाट्या वरण खाणाऱ्याच्या पोटात नुसत्या या दोन गोष्टींतूनच वीसेक ग्रॅम फायबर जात होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये मोठ्या माणसासाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर सांगितलं, त्यातला बहुतेक वाटा आपल्याकडे कुणी विचार न करता पोळी-वरणातून भरून निघत होता. भाजी तोंडी लावण्यापुरती असली तरी चालून जायचं.

आता पोळी गेली, वरण गेलं. त्यांच्या जागी आलं काय? सकाळी चार अंडी, दुपारी पनीर, रात्री सावजीचं मटण नाहीतर तंदुरी चिकन, वरून तूप. या सगळ्यांत मिळून फायबर शून्य. थोडंफार नाही, शून्यच. मांस, अंडी, दूध, पनीर, चीज, तूप, तेल यांत फायबर नसतंच, ते फक्त वनस्पतीत असतं. प्रथिनं भरपूर झाली, पोट भरलं, पण आतड्यात पुढे सरकायला गठ्ठाच तयार झाला नाही. मोठ्या आतड्यातले उपयोगी जिवाणूही याच चोथ्यावर जगतात. तो आंबवून ते ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशींना त्यातून ऊर्जा मिळते. त्यामुळे प्रश्न फक्त सकाळच्या अर्ध्या तासाचा नाही.

सावजी बंद करा असं मी सांगणार नाही. पण मटणाच्या वाटीशेजारी दोन वाट्या भाजी आणि मूठभर कांदा-मुळा-काकडी नसेल तर ते जेवण अर्धवट आहे, असं धरून चाला. ज्यांना आधीच छातीत जळजळ होते, त्यांनी तर्री कमी घ्यावी. भाकरी नसली की तिखट-तेल सरळ पोटावर येतं.

भाजी चमचाभर वाढणे

आपल्या ताटात भाजी डावी-उजवीकडची सोबतीण होती. लो-कार्बमध्ये तिला मधोमध आणावं लागतं. माझं माप सोपं आहे: एका माणसाला एका जेवणाला पाव किलो भाजी, निवडलेली, कच्ची मोजून. आधी हे ऐकून लोक चमकतात, पण पालेभाजी शिजून किती बसते हे स्वयंपाक करणाऱ्याला ठाऊक असतं. मेथीची एक मोठी जुडी म्हणजे कढईत जेमतेम दीड वाटी.

गोकुळपेठेच्या बाजारात गेलात की सगळ्यात आधी गवार, भेंडी, वांगी, मेथी, अंबाडी यांच्याकडे वळा. गवारीत आणि मेथीच्या पाल्यात शंभर ग्रॅमला पाचाच्या जवळ फायबर, भेंडी-वांग्यात तीन ते चार. दुधी, काकडी, टमाटे चांगलेच, पण त्यांत पाणी जास्त आणि चोथा कमी, त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. नुसती काकडी-टमाट्याची कोशिंबीर खाऊन 'मी रोज सॅलड खातो' म्हणणाऱ्याला दोन-अडीच ग्रॅमसुद्धा मिळत नाही.

हिवाळा तर आपल्याकडे या कामाला सगळ्यात सोयीचा. डिसेंबर-जानेवारीत हरभऱ्याचा कोवळा पाला येतो. त्याचा घोळाणा करा: पाला, बारीक कांदा, हिरवी मिरची, मीठ, कच्चं तेल, हवं तर भाजलेले दाणे. शिजवायचं काही नाही, वाटीभर सहज जातो. पावसाळ्यात तरोटा आणि काटवल मिळतात, ते सोडू नका. अडचण येते ती मे-जूनमध्ये. पालेभाजी महाग होते आणि चार तासांत मान टाकते. तेव्हा गवार, भेंडी आणि चवळीच्या शेंगा हाताशी ठेवा. भरल्या वांग्यात दाणे-तीळ-खोबरं सढळ घाला, त्या तिन्हींत चोथा चांगला आहे.

आणि जवस. विदर्भातल्या घरात जवसाची चटणी नाही असं सहसा होत नाही, पण लो-कार्ब सुरू करताना लोक ऑनलाइन चिया मागवतात आणि डब्यातली चटणी विसरतात. जवसात शंभर ग्रॅमला २७ ग्रॅम फायबर आहे आणि पचून साखर होणारं कर्बोदक नावाला. भरला चमचा, म्हणजे दहा ग्रॅम, चटणी घेतली की पावणेतीन ग्रॅम फायबर झालं. कडक कीटो करणाऱ्यालाही ती चालते. फक्त जवस अख्खं गिळू नका, ते जसं जातं तसंच बाहेर येतं. मंद भाजून जाडसर कुटा, आठवडाभराचंच करा आणि उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा, कारण कुटलेल्या जवसाचं तेल लवकर खवट होतं.

बेरीज करून पाहा. दुपारी दोनशे ग्रॅम गवार: नऊ ग्रॅम. रात्री दोनशे ग्रॅम भेंडी: सात. दोन्ही जेवणांत एकेक चमचा जवसाची चटणी: साडेपाच. मूठभर बदाम: तीन. इथेच २४-२५ झाले, आणि एका दाण्याचंही धान्य खाल्लेलं नाही.

फळ बंद, रस चालू

लो-कार्बच्या नावाखाली फळं पूर्ण बंद करणारी माणसं सकाळी फिरून येताना गाडीवर संत्र्याचा रस पिताना दिसतात. हे उलटं आहे. रसात साखर येते, चोथा मशीनमध्ये राहतो. दिवसाला शंभरेक ग्रॅम कर्बोदकांचा आहार असेल तर एक अख्खं संत्रं, फोडीच्या सालीसकट, बसतं. आणि जाम, म्हणजे पेरू, त्याहून सरस. शंभर ग्रॅमला पाच ग्रॅमहून जास्त फायबर, बिया चावून खा. वीस-तीस ग्रॅमच्या कडक कीटोत मात्र संत्रं बसवणं कठीण, तिथे भाजीवरच भर द्या.

एका दिवसात सगळं सुरू करणे

पोट अडलं की घाबरून माणूस एकाच दिवशी चिया, इसबगोल, कच्ची कोबी, मोड आलेले मूग असं सगळं सुरू करतं. संध्याकाळी पोट नगाऱ्यासारखं फुगतं आणि 'मला फायबर सोसत नाही' असा निष्कर्ष निघतो. आतड्यातल्या जिवाणूंना नव्या खाण्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. दर चार-पाच दिवसांनी एकच गोष्ट वाढवा. आधी भाजी दुप्पट करा, ती सोसली की जवस, मग हवं तर इसबगोल. कोबी-फुलकोबी शिजवूनच घ्या. तरीही गॅस होत असेल तर आठवडाभर कांदा-लसूण कमी करून पाहा, काहींना फायबरनं नव्हे तर त्यांनीच फुगतं.

इसबगोलबद्दल थोडं. ते पाणी शोषून फुगतं, तेच त्याचं काम. म्हणून ते मोठ्या ग्लासभर पाण्यात कालवून लगेच प्यायचं आणि वर आणखी पाणी. कोरडं फक्की मारणं धोक्याचं आहे, ते घशात अडकू शकतं. म्हातारी माणसं आणि ज्यांना गिळायला त्रास होतो, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. इतर गोळ्या त्याच्याआधी किंवा नंतर दोन तासांचं अंतर ठेवून घ्या, थायरॉईडच्या गोळीला चार तास.

मीठ-पाण्याकडे दुर्लक्ष

कर्बोदकं कमी केली की शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा उतरतो, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, तेही जातं. पहिल्या आठवड्यात काटा झरझर उतरतो तो बराचसा यामुळे. त्यातच इन्सुलिन कमी झालं की मूत्रपिंडं जास्त मीठ बाहेर टाकतात आणि मिठामागून पुन्हा पाणी जातं. शरीर कोरडं पडलं की मोठं आतडं मळातलं पाणी ओढून घेतं. मग कितीही फायबर खा, ते आत दगड होऊन बसतं.

मुंबई-पुण्याचं माप इथे लावू नका. मे महिन्यात ४५ अंशात, नवतपाच्या, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत कूलरसमोर बसून घाम जाणवत नाही, पण पाणी जातच असतं. लिटर मोजण्यापेक्षा लघवीचा रंग पाहा, तो फिकट पिवळा राहिला पाहिजे. दुपारी मोठा ग्लास पातळ ताक, त्यात मीठ, जिरं, सांबार (कोथिंबीर). संध्याकाळी लिंबू-मीठ-पाणी, साखर न घालता. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मीठ आपल्या मनानं वाढवू नका.

पाकिटावर विश्वास

'हाय फायबर' लिहिलेली बिस्किटं लो-कार्ब नसतात. आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे शंभर ग्रॅमला ६ ग्रॅम फायबर असलं की घन पदार्थावर तसं लिहिता येतं, आणि ३ ग्रॅमला 'फायबरचा स्रोत'. त्याच बिस्किटात साठ-सत्तर ग्रॅम कर्बोदकं असू शकतात. मल्टिग्रेन आट्याचंही तेच, त्यात धान्यच आहे. शुगर-फ्री चॉकलेट आणि मिठाईत माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल (साखरेऐवजी वापरले जाणारे गोड पदार्थ) आहे का पाहा. जास्त खाल्लं तर त्यानं गुडगुड आणि जुलाब होतात, आणि लोक दोष फायबरला देतात.

रोज चूर्ण

बाजारातल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला ढकलते आणि सकाळी मोकळं वाटतं, पण ताटात चोथा नाहीच, म्हणून रात्री पुन्हा चमचा. दोन-चार दिवसांसाठी ठीक, महिनोन्‌महिने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

एक गैरसमजही काढून टाका. रोज झालंच पाहिजे असा नियम नाही. मळ मऊ आहे, कुंथावं लागत नाही आणि आठवड्यातून तीनदा तरी होतं, तर एखादा दिवस गेला म्हणून चूर्ण घेऊ नका. खाणं कमी झालं की मळही थोडा कमी होतो. खाल्ल्यावर आतड्याला आपोआप हालचाल सुरू करायची सवय असते, सकाळी ती जास्त जोरात असते. न्याहारी बंद केली असेल तर उठल्यावर कोमट पाणी किंवा चहा घ्या, दहा मिनिटं निवांत बसा. कमोड असेल तर पायाखाली पाट ठेवा, उकिडवं बसल्यासारखं झालं की मार्ग सरळ होतो.

इतकं करूनही फरक नाही?

आधी गोळ्यांची यादी काढा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी पोट अडतं, मेटफॉर्मिननं काहींना पातळ होतं. थायरॉईड तपासून बरेच दिवस झाले असतील तर तपासा. मधुमेहाचं औषध चालू असताना पोळी-भात सोडणाऱ्यांनी तर सुरुवातीलाच डॉक्टरांना भेटायला हवं होतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडवर असाल तर साखर धोकादायकपणे उतरू शकते. ज्या गोळीच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं, ती चालू असताना कडक कीटो केलं तर साखर फार न वाढताही रक्तात आम्ल वाढू शकतं. हे अजून सांगितलं नसेल तर उद्याच सांगा.

मळात रक्त, डांबरासारखा काळा मळ, काही न करता उतरणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारं पोटदुखणं, किंवा चाळिशी-पन्नाशीनंतर अचानक बदललेली आणि काही आठवडे टिकलेली सवय, यांतलं काहीही असलं तर जवस-गवारीत वेळ घालवू नका, तपासणी करून घ्या. पोट दुखतंय, उलट्या होताहेत आणि गॅसही सरत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि काहींना हे सगळं नीट करूनही तीस ग्रॅम कर्बोदकांत पोट साथ देत नाही. त्यांनी आकडा वाढवावा. रात्रीच्या जेवणात ज्वारीची अर्धी भाकरी परत आणा, किंवा दुपारी एक वाटी घट्ट वरण. पंधरा-वीस ग्रॅम कर्बोदकं वाढतील, दोन-तीन ग्रॅम फायबर येईल. साखरेवर काय परिणाम होतो ते जेवणानंतर दोन तासांनी मोजून पाहा. आकडा आटोक्यात राहिला, तर भाकरी ताटात राहू द्या.