गोलच्या मागची जागा: ग्रेट्झकीचा डाव पोरांकडून कसा बसवून घ्यायचा

कॅनडाचा आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी याची कारकीर्द पोरांना सांगताना 894 गोलांनी सुरुवात करू नका. तो विक्रम एप्रिल 2025 मध्ये रशियाच्या ॲलेक्स ओवेचकिननं मोडलाच. शिकवण्यासारखा आकडा आहे 1,963 असिस्टचा. आइस हॉकीत गोलाआधीच्या शेवटच्या दोन पासना असिस्ट धरतात. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये गोल आणि असिस्टच्या एकूण बेरजेत त्याच्या खालोखाल असलेल्या यारोमिर यागरचे दोन्ही मिळून 1,921 होतात. म्हणजे 1979 ते 1999 या वीस हंगामांत ग्रेट्झकीनं एकही गोल मारला नसता, तरी या बेरजेत तो पहिलाच राहिला असता.

अंगानं तो धिप्पाड नव्हता. समोर धक्के खाण्यापेक्षा तो गोलच्या मागे जाऊन उभा राहायचा आणि तिथून पास काढायचा. त्या जागेला ‘ग्रेट्झकीचं ऑफिस’ असंच नाव पडलं.

बेळगावच्या पोरांना नेमकं हेच जड जातं. टोकियो 1964 चं सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातल्या बंडू पाटलांचं हे गाव, इथं हॉकी म्हणजे मैदानी हॉकी. तिच्यात गोलरेषेपलीकडे बॉल गेला की खेळ थांबतो. स्केटवरच्या हॉकीत मागे भिंत असते आणि खेळ चालूच राहतो. मैदानी हॉकी खेळलेलं पोर रेषेजवळ आलं की आपोआप वेग सोडतं. ती सवय आधी मोडायची.

चाकांच्या स्केटवर खेळायच्या रिंकवर गोल भिंतीला चिकटवू नका. एनएचएलमध्ये गोलरेषेमागे 11 फूट जागा असते. आपल्याकडे जागा कमी असली तरी 8 फुटांच्या खाली जाऊ नका, पोराला वळताच येत नाही. गोल 6 फूट रुंद, 4 फूट उंच, पीव्हीसी पाइपचा चालेल. मागच्या भिंतीला जुन्या गाद्या बांधा. बॉल नवा टेनिसचा नको, फार उडतो. लव गेलेला, मऊ पडलेला घ्या. हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड घातल्याशिवाय कुणालाही रिंकवर सोडू नका.

एक जण गोलच्या मागे, दोघं समोर 10–12 फुटांवर डावी-उजवीकडे, एक बचावपटू आणि गोलकीपर. मागच्यानं तोंड मैदानाकडे ठेवायचं आणि बॉल काठीच्या पात्याला लावून थांबायचं. थांबणं हाच या डावाचा जीव आहे. बचावपटू एका बाजूनं अंगावर आला की दुसऱ्या बाजूनं निघायचं आणि खांबाच्या एक हात बाहेर येऊन पास द्यायचा. गोलकीपरला मागे बघायला मान वळवावी लागते. पास समोर पोचेपर्यंत त्याचं अंग फिरलेलं नसतं. गोल त्या अर्ध्या क्षणात होतो. दोन्ही बाजूंनी वीस-वीस पास करून घ्या, उलट्या हातानंही. इथं काठीची दोन्ही अंगं चालतात, हे मैदानी हॉकीवाल्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

पास जाळीच्या मागच्या बाजूला आपटत असेल, तर पोर खांबाबाहेर यायच्या आधीच मारतंय. पास बरोबर येऊनही गोल होत नसेल, तर समोरचे दोघं आधीच जागेवर उभे आहेत. त्यांनी दहा फूट मागून वेगात यायचं आणि पाससोबतच पोचायचं. मागचा खाली बघून खेळत असेल, तर बचावपटूला बोटं दाखवायला लावा आणि पास देण्याआधी आकडा ओरडून सांगायला सांगा.

जून ते सप्टेंबर उघड्या रिंकवर शेवाळ धरतं, तेव्हा स्केट बाहेर काढूच नका. घरी कागदावर रिंकचा चौकोन काढा, सामना लावा आणि नजर पडद्यावरच ठेवून पेन्सिल पकच्या, म्हणजे आइस हॉकीतल्या रबरी चकतीच्या, मागे फिरवा. वडील वॉल्टर यांच्या हाताखाली लहानपणी ग्रेट्झकीही असंच करायचा. पाच मिनिटांनी रेघा जिथं दाट दिसतील, तिथं पक पुन्हा येणार. या दिवसांत चाकंही काढून बघा. घरघर आली असेल तर बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन पूर्ण वाळवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा. जास्त घातलं की तांबडी धूळ चिकटून चाक पुन्हा जड होतं.